बरंच झालं की

परवापासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी खाली पाणी भरत होते. नळाला पाणी यायचा दिवस, त्यामुळे मोटर, पिंपं, हंडे, पातेली, सगळ्यांची एकच गडबड. सोलापुरात त्या तासाभरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. वर जिन्यात माझा नवरा प्रसाद आमच्या स्कूबा डाइव्हिंगच्या सरांशी फोनवर होता. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला आम्हा दोघांना वेगवेगळ्या गटांत टाकणार, असं सर सांगत असावेत. हा लगेच म्हणाला, "बरंच झालं की, सर!"

लगेच. श्वास रोखायचा नाही हा आमच्यातला पहिला नियम, मान्य आहे, पण तिथे जरासा रोखला असता तर बिघडलं नसतं.

नंतर खाली येऊन मलाही सांगितलं, अगदी दूधवाल्याचा निरोप सांगावा तसं. मी "बरं" म्हटलं आणि पिंप वाहतंय म्हणून पाठ फिरवली. पिंप अर्धंसुद्धा भरलं नव्हतं.

हे कुणाला सांगायची सोय नाही. ताई म्हणेल, मग काय परीक्षेला एका बाकावर बसणार होतात? आईंकडे तर हा विषय काढायलाच नको. त्या शेजारी सांगतात की दोघं पोहायची परीक्षा देतायत. एवढी वर्षं पोहून अजून परीक्षाच, हे शेजारचे म्हणतात.

गटाचं मला काही नाही. म्हणजे आहे, पण ते नाही. पहिल्या कोर्सपासून माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, तोच. मुरुडेश्वर, पुदुच्चेरी, हॅवलॉक, खोल्या बदलल्या, मालक बदलले, पण बोटीच्या कडेला बसून माझं सामान तपासणारा माणूस बदलला नाही. बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जॅकेटात, हवा भरते का, रिकामी होते का. वेटबेल्टचं बक्कल एका झटक्यात सुटतं का (त्याचं दरवेळी उलट्या बाजूला असतं, दरवेळी मी सरळ करते). मग रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घ्यायचे आणि नजर गेजवर ठेवायची. श्वासागणिक काटा खाली-वर झाला तर सिलिंडरचा नॉब पुरता उघडलेला नाही. सगळं झालं की ओकेची खूण, आणि वर माझ्या मास्कच्या काचेवर एक टिचकी. ही टिचकी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. आता ती तो कुणाच्या काचेवर मारणार, असा अत्यंत बालिश प्रश्न मला काल रात्री दीड वाजता पडला होता.

आणि परीक्षा तर संपून जाईल. त्यानंतरचं काय? इन्स्ट्रक्टर झाल्यावर एका बोटीवर असलो तरी तो त्याची चार पोरं घेऊन एकीकडे, मी माझी घेऊन दुसरीकडे. हॅवलॉकला ते जोडपं होतं ना, त्यांची दिवसभरात भेट व्हायची ती सामान धुवायच्या टाकीपाशी. तो वेटसूट पिळायचा, ती बूट उपडे करायची, "जेवलास?" "हो," संपलं. तेव्हा आम्ही त्यांना हसलो होतो.

राग आला की माझा अभ्यास बरा होतो, एवढाच काय तो फायदा. थिअरीचे पाच पेपर आहेत आणि प्रत्येकात 75 टक्के हवेत. काल भौतिकशास्त्राचं एक गणित धरून बसले. खाऱ्या पाण्यात 20 मीटरवर 300 किलोचं इंजिन पडलंय, ते 100 लिटर पाणी बाजूला सारतं, तर ते उचलायला त्याला बांधलेल्या बॅगेतून किती लिटर पाणी हवेने बाहेर काढावं लागेल? 100 लिटर खारं पाणी म्हणजे 103 किलो. उरले 197. त्याला 1.03 ने भागा, आले 191 लिटर. ते 20 मीटर निव्वळ बुचकळ्यात टाकायला घातलेले. खोडून टाकले तरी उत्तर तेच. प्रसादला हे तोंडी येतं, मला कागद लागतो.

मग त्या वाक्यातलंही एकेक खोडून बघितलं. समोर सर होते, खोडलं. मोटरचा आवाज होता, म्हणून जरा मोठ्याने बोलला असेल, खोडलं. "की" तर सोलापूरचाच, त्यात उत्साह शोधण्यात अर्थ नाही, तोही खोडला. "लगेच" काही खोडता येईना.

तिकडे मालवणात धो धो पाऊस, समुद्र बंद, आणि त्या पावसापायी आम्ही इथे बसलोय, जिथे वारी होऊन गेली, श्रावण लागला, तरी आभाळ नुसतं भरून येतं आणि कर्नाटकाकडे निघून जातं. गच्चीच्या तारेवर दोन काळे वेटसूट वाळत असतात. अंधार पडायच्या आत ते काढायचे, असा आईंचा हुकूम आहे, कारण समोरच्यांचं पोरगं रात्री ते बघून रडलं. पुतणीला, चिमीला, मी पिंपातला प्रयोग दाखवते. ग्लास उपडा धरून सरळ तळापर्यंत न्यायचा, आत बोटभर पाणी चढतं. मीटरभर खोलीला दाब दहा टक्के वाढतो, त्या हिशेबाने तेवढंच चढायला हवं. दहा मीटरवर अर्धा ग्लास भरेल म्हटलं, तर म्हणे एवढं मोठं पिंप आणा. आधी त्यात भरायला पाणी आण म्हटलं.

तसं बघितलं तर आमच्या शास्त्राप्रमाणे 300 मीटरच्या वर डाइव्हिंग केलं की ते उंचीवरचं, त्याचे हिशेब वेगळे, आणि सोलापूर साडेचारशेच्या वर आहे. म्हणजे आमची विहीरसुद्धा उंचीवरची. मालवणला शेवटची डाइव्ह झाली की पाण्याखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन उतरेपर्यंत आम्ही रात्रभर थांबतो आणि मगच घाट चढतो. त्यापायी अमितचा साखरपुडा चुकला. तो विषय अजून निघतो. असो.

आज संध्याकाळी गच्चीवर तालीम झाली. परीक्षेत बाकीचे उमेदवारच विद्यार्थी होतात, आणि परीक्षक त्यांना गुपचूप चुका वाटून देतो. आपण शिकवता शिकवता त्या हेरायच्या आणि सुधारायच्या. माझ्या वेळेला प्रसाद विद्यार्थी. मी त्याची प्रत्येक चूक पकडली. नेहमीच पकडते. मला वाटायचं माझी नजर तयार झालीय. आज लक्षात आलं, चूक करायच्या आधी तो डोळे बारीक करतो. चहात आईंना चुकवून जास्तीची साखर घालताना करतो, तसेच. म्हणजे इतके महिने माझी जी तयारी झाली ती प्रसादला शिकवायची. प्रसादला शिकवायचे पैसे कोण देणार मला?

सरांना हे कळलं असणार. त्यालाही कळलं असेल का? कळलं असेल तर मग ते "लगेच"... जाऊ दे. समजा असेल. तरी आधी मला म्हणायला काय झालं होतं?

मग त्याची पाळी. मी परीक्षक, वहिनी आणि चिमी विद्यार्थी, प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणजे वाळूचा तळ. विषय, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणे. वहिनींच्या कानात मी सांगितलं होतं, नाकाऐवजी तोंडाने श्वास सोडा. प्रसाद सुंदर करून दाखवतो, ते मानलंच पाहिजे. सगळं संथ, ठसठशीत, मास्कची वरची कड दोन बोटांनी दाबायची, हळूहळू मान वर, नाकाने लांब श्वास. मान वर, म्हणजे नजर आभाळात. तेवढ्यात वहिनींना खालून दुधाचा वास आला. त्या उठल्या, मास्क कपाळावर ढकलला आणि जिन्याने सरळ खाली. मास्कवाल्या वहिनी दिसल्यावर आई काय म्हणाल्या ते गच्चीपर्यंत ऐकू आलं.

हा मान खाली आणतो तर एक खुर्ची रिकामी.

"ह्या कुठं गेल्या?"

"तू सांग. तुझा विद्यार्थी आहे."

"असलं परीक्षेत होत नसतं!" म्हणे. का नसतं? पाण्यात माणसाला गॅसवरचं दूध आठवत नसेल, पण काहीतरी आठवतंच. मासा दिसतो, फोटो काढायचा असतो, भीती वाटते. माझ्याबरोबर असला की तो मागे वळूनही बघत नाही, कारण मी कुठे असणार हे त्याला ठाऊक असतं. त्याचीही सवय बिघडलीय, आणि ती मी बिघडवलीय असं काही मी म्हणणार नाही.

कागदावर मी लिहिलं: प्रात्यक्षिक उत्तम, विद्यार्थी हरवला, पाचपैकी एक. तो भांडायला लागला, निदान अडीच तरी दे. चिमी म्हणाली, काका, मला माझी चूक सांगितलीच नाही कुणी, मी नुसतीच बसले होते. तिलाही गुण पाहिजे होते.

उद्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणी येणार आहेत, चौघी की पाच जणी. दोन गट पाडायचं ठरलंय. निम्म्या त्याला, निम्म्या मला, गच्चीच्या दोन टोकांना. वेगळ्या चुका वाटायची गरज पडेल असं वाटत नाही. खाऊ काय करायचा, एवढंच आई विचारतायत.