मुसलमानांचं क्लिनिक म्हणजे फक्त मुसलमानांसाठी का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये मुसलमान विद्यार्थ्यांनी काढलेल्या उम्मा क्लिनिकचा विषय निघाला की आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात, तिथे फक्त मुसलमानच जातात का, आणि औषधपाणी सोडून ते लोक आणखी करतात काय.

पहिल्याचं उत्तर, नाही. साउथ एलएची, म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागाची, वस्ती मुख्यतः लॅटिनो आणि आफ्रिकन-अमेरिकन, तेच तिथले पेशंट. मी मिरजेची, मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल निघालं, आसपासच्या गावांतून सगळ्या जातीधर्माची माणसं यायची, कारण डॉक्टर चांगले होते.

दुसऱ्या प्रश्नासाठी १९९२ ला जावं लागेल. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टात सुटले आणि साउथ एलए पेटलं, फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडीच्या चौकात सुरुवात झाली, पन्नासच्या वर माणसं गेली, दुकानं जळाली ती कित्येक परत उघडलीच नाहीत. तेव्हा यूसीएलए आणि चार्ल्स ड्रू युनिव्हर्सिटीतले काही मुसलमान विद्यार्थी, मेडिकलला शिकणारी पोरंच ती, त्यांनी ठरवलं की आपण इथे दवाखाना काढायचा, आणि १९९६ ला काढलासुद्धा, त्याच फ्लॉरेन्स अव्हेन्यूवर. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की पोरं डिग्री घेऊन पांगली तरी क्लिनिक तिथेच राहिलं. २००७ मध्ये त्या भागातलं मोठं सरकारी मार्टिन ल्यूथर किंग हॉस्पिटल बंद पडलं, नवीन उघडायला २०१५ उजाडलं, अशा काळात जवळचा दवाखाना चालू असणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्याला विचारा.

शुगरचंच घ्या ना. डॉक्टर सांगणार भाजी खा, पण घराजवळ मिळतं काय तर बर्गर आणि कोपऱ्यावरचं दारूचं दुकान, त्यात चिप्स न् सोडा. हे इतकं वाढलं होतं की २००८ मध्ये सिटी कौन्सिलने त्या भागात नवीन फास्ट फूडवर बंदी आणली. मग नुसतं प्रिस्क्रिप्शन लिहून काय होणार? म्हणून उम्माने फ्रीमॉन्ट हायस्कूलच्या आवारात दुसरं सेंटर काढलं आणि त्याला लागून भाजीपाल्याची बाग, शाळेतली पोरं आणि आजूबाजूचे लोक दोघांसाठी. तपासणी आणि बाग एकाच आवारात, ही गोष्ट मला फार म्हणजे फारच आवडते.

सुरुवातीला सगळं फुकट होतं, आता ते अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेत आहे. काउंटरवर विचारतात घरात माणसं किती, उत्पन्न किती, त्यावर फी ठरते, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही असा नियमच आहे. धर्माचा या हिशोबाशी संबंध नाही. आणि याच योजनेचा आणखी एक नियम, जो आपल्याकडे सांगितला की लोकांना पटत नाही, की क्लिनिकच्या संचालक मंडळावर निम्म्याहून जास्त माणसं तिथल्या पेशंटमधलीच पाहिजेत. म्हणजे मुसलमान पोरांनी काढलेल्या क्लिनिकचं पुढे काय करायचं, हे ठरवताना तिथे बीपी तपासायला येणाऱ्या शेजारच्या बाईचंही मत मोजलं जातं.