बांधावरचा लिंब आणि पितळी पँटोग्राफ

मी भूमी अभिलेख खात्यात आरेखक. बीड जिल्ह्यात आमच्या दारात येणारी भांडणं बहुतेक बांधाचीच.

त्या दिवशी दोघे सख्खे भाऊ आले. थोरल्याच्या हातात गावनकाशाची चौपट मोठी केलेली झेरॉक्स. तिच्यावर पट्टी लावून त्यानं हिशेब मांडला होता. "साहेब, बगा, लिंब आमच्या अंगाला यायलाय."

"अण्णा, झेरॉक्सवरून बांध ठरत नसतो," मी म्हटलं. पटेना. मग कपाटातून जुनी लाकडी पेटी काढली.

आत पितळी पँटोग्राफ: सुईनं नकाशा गिरवला की पेन्सिल तोच लहान किंवा मोठा करून काढते, असं यंत्र. चार दांड्यांचा समांतरभुज चौकोन, खाली हस्तिदंताची इवली चाकं, एका टोकाला शिशाचं वजन. 1603 च्या सुमारास क्रिस्टोफ शायनर नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं हे यंत्र शोधलं. त्याच्या डोक्याला सलाम! दांड्यांवर 1/2, 1/3, 1/4 अशा खुणा. सरकत्या पट्ट्या त्या खुणेवर आणून पेच आवळायचे. मी 1/4 लावलं, दोरा ताणून पाहिला. यंत्र जागेवर धरणारी खुंटी, सुई आणि पेन्सिल एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर आकृती वाकडी येते. मोठं काढायचं म्हणून सुई आणि पेन्सिलच्या जागा बदलल्या.

"घ्या, तुमच्याच हातानं बांध गिरवा."

अण्णांनी श्वास रोखून सुई चालवली. मधेच बोट किंचित थरथरलं. तिकडे पेन्सिल भलतीकडेच वळली.

धाकटा पहिल्यांदाच बोलला, "दादा, बांध कुठं नेलास?"

मी गणित सांगितलं. मूळ गावनकाशात 1 इंच म्हणजे 20 साखळ्या, 660 फूट. सुई अर्धा मिलिमीटर हलली तर पेन्सिल चौपट, म्हणजे 2 मिलिमीटर सरकते आणि शेतात होतात 13 फूट. तेवढ्यात लिंब इकडचा तिकडे! आणि हात नाही हलला तरी मूळ रेघच अर्धा मिलिमीटर जाड असली, तर ती एकटीच 13 फूट जागा खाते. झेरॉक्सनं ती रेघ नुसती फुगवलेली. म्हणून जुने आरेखक हे यंत्र जास्त करून नकाशा लहान करायलाच वापरत. लहान करताना चूकही आकसते.

"मग खरं कुठं लिहिलंय?"

टिपणात. मोजणीच्या वेळी शेतात उभं राहून घेतलेली अंतरं तिथं साखळी-आण्यात असतात: 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. ते आकडे कागद मोठा केला म्हणून बदलत नाहीत. टिपण घेऊन शेतावर मोजणी लावली की निकाल लागतो.

अण्णा बराच वेळ त्या वाकड्या रेघेकडे बघत राहिले. शेवटी मोजणीच्या अर्जाला तयार झाले. फी कुणी भरायची, यावरून दोघांची पुन्हा जुंपली. पण ते माझ्या टेबलाचं काम नव्हतं.