‘आर’ची किंमत आणि क्लासची उत्तरसूची

अकरावी विज्ञानाला आदर्श वायू समीकरणाने मला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो सांगलीत विश्रामबागेत मी ज्या क्लासला जात असे, तिथल्या छापील उत्तरसूचीने. बॉइल, चार्ल्स आणि अॅव्होगॅड्रो यांचे नियम एकत्र केले की ‘पीव्ही = एनआरटी’ हे सूत्र मिळते, आणि दाब (पी), आकारमान (व्ही), मोलसंख्या म्हणजे वायूचे प्रमाण (एन) व तापमान (टी) यांपैकी तीन राशी दिल्या असतील तर चौथी काढणे हे साध्या बीजगणिताचे काम आहे. खरी अडचण येते ती ‘आर’ या स्थिरांकाची कोणती किंमत घालायची, या प्रश्नापाशी.

चाचणीत विचारले होते की, पाच लिटरच्या भांड्यात २७ अंश सेल्सिअस तापमानाला एक मोल हायड्रोजन असल्यास त्याचा दाब किती बार असेल. पर्यायांत ४.९३ आणि ४.९९ हे दोन्ही आकडे होते. तापमान ३०० केल्विन आणि उत्तर बारमध्ये हवे, म्हणून मी ‘आर’ची लिटर-बारमधली किंमत ०.०८३१ घेऊन ४.९९ वर खूण केली. उत्तरसूचीत मात्र ४.९३ बार छापले होते. हा आकडा ०.०८२१ घेतल्यावर येतो, पण ही किंमत लिटर-अॅटमॉस्फिअरमधली आहे, म्हणजे ४.९३ अॅटमॉस्फिअर हे उत्तर बरोबर आणि ४.९३ बार हे चूक.

एवढी सरळ गोष्ट काउंटरवर सांगितली, तर ‘सर बॅच संपवून आले की बघतील’ असे उत्तर मिळाले. बॅच संपल्यावर सर पुढच्या बॅचला गेलेले असत, आणि माझा पेपर काउंटरच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून राही. शेवटी सर भेटले तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, दोन्ही जवळजवळ सारखेच आहे.’ ज्या प्रश्नात ते दोन आकडे वेगळे पर्याय म्हणून दिले आहेत, तिथे ‘जवळजवळ’ या शब्दाला काय अर्थ उरतो, हे मला आजही कळलेले नाही. मग मी फुलस्केप कागदावर सगळे मांडून दिले : ‘आर’ म्हणजे एका मोलला एका केल्विनमागे ८.३१४ ज्यूल, एक लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, म्हणून ०.०८३१४, एक लिटर-अॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ ज्यूल, म्हणून ०.०८२१. स्थिरांक एकच आहे. सांगली-मिरज अंतर किलोमीटरऐवजी मैलांत सांगितल्याने गावे जवळ येत नाहीत, तसेच हे आहे. सरांनी कागद वाचला, मान डोलावली आणि पुढच्या बॅचच्या उत्तरसूचीत दुरुस्ती झाली. माझा गुण मात्र वाढला नाही, कारण ‘निकाल लागून गेला होता’.

म्हणूनच सांगते की गणित वाचल्यावर आधी दाबाच्या एककाखाली रेघ ओढावी आणि ‘आर’ मागाहून निवडावा. दाब पास्कलमध्ये असेल तर ८.३१४ घ्यावा, पण मग आकारमान घनमीटरमध्येच हवे. इथे लिटर तसेच ठेवले तर उत्तर हजारपटींनी चुकते. पुस्तकात डेसिमीटर घन दिसले तर बिचकू नये, ते लिटरच आहे. दोन अवस्थांची तुलना असेल आणि वायूचे प्रमाण तेच राहिले असेल, तर ‘आर’ लागतच नाही. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जाताना वेफर्सचा पुडा फुगतो, तेही असेच गणित आहे : हवेचा दाब साधारण ९३० मिलिबारवरून ८६० पर्यंत उतरतो, म्हणजे तापमान तेच राहिले आणि पुड्याने अडवले नाही, तर आतल्या वायूचे आकारमान सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. तापमान बदलत असेल तर मात्र गुणोत्तर केल्विनमध्येच घ्यावे.

एसटीपीचाही, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाचाही, असाच घोळ आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक अॅटमॉस्फिअरऐवजी एक बार ठरवला, त्यामुळे शून्य अंशाला एका मोलचे आकारमान २२.४ ऐवजी २२.७ लिटर झाले. तरीही अनेक प्रश्नसंचांत २२.४ च चालते. सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे पर्याय कोणत्या आकड्याने सुटसुटीत येतात ते पाहून प्रश्न काढणाऱ्याने कोणता एसटीपी धरला आहे, ते ओळखावे लागते. आणि वायू पाण्यावर गोळा केला असेल, तर एकूण दाबातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करायचा असतो. २७ अंशाला तो सुमारे २७ मिलिमीटर पारा इतका असतो, आणि प्रश्नात बहुधा अगदी शेवटच्या ओळीत दिलेला असतो.