ग्रामसभेत वाचलेली यादी

मी अमळनेर तालुक्यात सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे पदनाम कृषी सहायक) म्हणून काम करतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या लाभार्थ्यांची यादी गावपातळीवर प्रसिद्ध करावी आणि पात्र असूनही जे राहून गेले त्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. यादी संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येते हे खरे. पण कोरडवाहू कापसाच्या गावात ती उघडून पाहणारे किती निघणार? म्हणून १ मेच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचायची, असे सरपंचांनी आणि मी ठरवले.

आदल्या संध्याकाळी हाती आलेल्या छापील प्रतीत नावांपुढे बँक खाते आणि मोबाइल क्रमांकही होते. ते दोन्ही रकाने मी पट्टी धरून काळ्या शाईने खोडले, त्या प्रतीची झेरॉक्स काढली आणि तीच फलकावर लावली. सरकारी तिजोरीतून कोणाला किती रुपये मिळतात हे गावाला कळलेच पाहिजे; खाते क्रमांक कळण्याचे मात्र काहीच कारण नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर सगळेच उघडे पडते, नाहीतर सगळेच दडपले जाते.

वाचन निम्म्यावर आले असताना एक सेवानिवृत्त गृहस्थ उठले. ‘माझे नाव चारचौघांत वाचण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ असे त्यांनी विचारले. दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे या योजनेस अपात्र ठरतात, हे सभेतल्या बऱ्याच जणांना माहीत होते आणि कुजबुज सुरू झाली. मी त्यांना शांतपणे सांगितले, की माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा असतो. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला, वैयक्तिक माहिती न देण्याचा अपवाद रुंदावला, तरी कलम ४ मधले हे बंधन तसेच आहे. त्यांच्या पात्रतेची पडताळणी रीतसर होईल, सभेत त्यांचा निवाडा होणार नाही, हेही मी स्पष्ट केले. तेवढे सांगणे त्यांच्या मानासाठी आवश्यकच होते.

त्या दिवसाचे खरे काम मात्र त्यानंतर पुढे आले. बायकांच्या बाजूने एक वयस्कर मावशी म्हणाल्या, ‘भाऊ, मनं नाव का बरं नही वाचं?’ त्यांनी पिशवीतून घडी घातलेला सातबारा, फेरफाराचा उतारा आणि पतीच्या मृत्यूचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. नोंदणी तपासली तेव्हा अर्ज नामंजूर झालेला दिसला; कारण होते, जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाली. ही अट खरी आहे, पण खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन तिच्यातून वगळलेली आहे आणि मावशींच्या फेरफारात वारसनोंद असल्याचे स्वच्छ लिहिले होते. नामंजुरीचा संदेश सुरतला कामाला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर गेला होता आणि त्यालाही त्याचा अर्थ लागला नव्हता. वर्षाला तीन हप्त्यांत ६,००० रुपये, शिवाय राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे. कापसाचे बियाणे घेण्याच्या दिवसांत त्या घराला ही रक्कम किती मोलाची असते, हे मी रोज पाहतो.

त्यांची कागदपत्रे पाहून इतरही पुढे आले: कोणाची ई-केवायसी अडलेली, कोणाचे आधार बँक खात्याशी जोडलेले नाही. यादी जाहीर केली की अपात्र माणसे सापडतात, असे आपण नेहमी म्हणतो. त्या सभेत त्याहून जास्त राहून गेलेली माणसे सापडली. मावशींचा अर्ज मी फेरफाराच्या प्रतीसह फेरतपासणीसाठी पाठवला आणि तो मंजूरही झाला. आता लाभार्थ्यांच्या यादीशेजारी मी नामंजूर अर्जांची यादीही लावतो, प्रत्येक नावापुढे नामंजुरीचे कारण आणि ते दूर करण्यासाठी कोणता कागद कुठे द्यायचा हे मराठीत लिहून.