गुंड्याच्या शेपटीखालचा दाणा

ऑगस्टमधला रविवार होता. ठाण्यात चार दिवस पाऊस उघडला नव्हता आणि नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात ओल्या कुत्र्यांचा वास दारापासूनच भरून राहिला होता. पावसाळ्यात माझ्याकडे येणारी बहुतेक कुत्री खाजेसाठीच येतात. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास गुंड्या आला, तोही त्याच तक्रारीसाठी.

गुंड्या हा उपवनच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याचा साडेपाच वर्षांचा पिवळा लॅब्राडोर. त्याला मी चार वर्षांपासून ओळखत होतो. दीड वर्षाचा असताना त्याने पुढचे पंजे चाटायला सुरुवात केली, मग कान दुखू लागले, मग काखा आणि पोट लाल होऊ लागले, आणि दर पावसाळ्यात हे सारे वाढत गेले. पंजांवरचे पिवळे केस लाळेने तांबूस झाले होते. ही सगळी चिन्हे ॲटोपिक डर्मेटायटिसची, म्हणजे घरातील धुळीतले सूक्ष्म माइट, बुरशी, परागकण अशा वातावरणातल्या गोष्टींच्या ॲलर्जीची. हा आजार बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो आणि लॅब्राडोरमध्ये तो पुष्कळदा दिसतो. तो मुळापासून बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

अन्नाची ॲलर्जी नाही, याची खात्री आम्ही तेव्हाच करून घेतली होती. एका ठिकाणी रक्त तपासून त्यांना चिकन, गहू, दूध अशी वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी मिळाली होती. अन्नाच्या ॲलर्जीसाठी अशा रक्ततपासणीवर विसंबता येत नाही, हे समजावून सांगण्यात माझी पहिली भेट संपली. त्यावर खरा उपाय एकच : कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले अन्न आठ आठवडे द्यायचे, दुसरे काहीही तोंडात जाऊ द्यायचे नाही आणि मग जुने अन्न परत सुरू करून खाज वाढते का ते पाहायचे. काकूंनी मटण, लाल भोपळा आणि भात शिजवून घातला. तिसऱ्या आठवड्यात असे कळले की इमारतीचा रखवालदार रोज सकाळी मायेने गुंड्याला दोन बिस्किटे देतो, त्यामुळे सगळी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागली. काकूंनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही. आठ आठवड्यांत खाज कमी झाली नाही आणि पुन्हा चिकन सुरू केल्यावर वाढलीही नाही. अन्न निर्दोष ठरले. तरी भोपळा आणि भात मात्र त्याच्या ताटात कायमचे राहिले, कारण ते त्याला आवडू लागले होते आणि पोटालाही मानवले होते. या भाताचा उल्लेख मी उगाच करत नाही.

त्यानंतर गुंड्याला दिवसातून एकदा खाज कमी करणारी ऑक्लासिटिनिबची गोळी, क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक शाम्पूने आठवड्याला अंघोळ आणि महिन्यातून एकदा मानेवर पिसवांवरच्या फिप्रोनिलचे थेंब, असे वेळापत्रक मी लिहून दिले. आम्ही खाजेला दहापैकी गुण देतो. शून्य म्हणजे खाज नाही आणि दहा म्हणजे कुत्रा झोपेतून उठून सतत खाजवतो. गुंड्याचे गुण तीनच्या आसपास स्थिर होते आणि तीन गुणांत तो सुखी होता.

त्या रविवारी काकांनी आठ गुण सांगितले. जून अखेरीपासून खाज वाढत गेली होती आणि गेले दहा दिवस रात्री तिघांपैकी कुणालाही झोप नव्हती. काका रात्री गुंड्याच्या अंथरुणाशेजारी सतरंजी टाकून झोपत आणि तो वळून स्वतःला चावू लागला की त्याच्या मानेखाली हात घालून त्याला थोपवत. "डॉक्टर, गोळी दोनदा द्यायची का?" त्यांनी विचारले. पाऊस वाढला की या आजाराचा जोर वाढतो, हे मी त्यांना दर वर्षी सांगत आलो होतो, आणि त्या दिवशीही माझ्या डोक्यात तेच उत्तर तयार होते. ही गोळी दिवसातून दोनदा दीर्घकाळ देऊ नये, पण चौदा दिवसांपर्यंत देता येते. मी पेन उचलले होते.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणि डॉक्टर, ह्याला हल्ली भातसुद्धा पचत नाही. दाणे अख्खेच्या अख्खे बाहेर पडतात. काल अंथरुणावरही दोन-तीन वाळलेले दिसले."

शिजलेला भात कुत्र्याला पचतो. आणि समजा पचला नाही, तरी तो अंथरुणावर का सापडावा? मी पेन खाली ठेवले आणि गुंड्याची शेपटी वर केली. गुदद्वाराशेजारच्या केसांना एक पांढरा, चपटा, जेमतेम तांदळाएवढा दाणा चिकटला होता. चिमट्याने उचलून तो मी सलाइनचा थेंब टाकलेल्या काचपट्टीवर ठेवला. काही क्षण तो निश्चल होता. मग एका टोकाकडून आखडला, लांबला आणि पुन्हा आखडला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

तो फीतकृमीचा, म्हणजे फितीसारख्या लांब, चपट्या जंताचा, तुकडा होता. काचपट्टीवर तो दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा द्राक्षांच्या घोसासारखी एकत्र बांधलेली अंडी दिसली आणि शंका उरली नाही. डायपिलिडियम नावाचा हा कृमी कुत्र्याला माती किंवा कच्च्या मांसातून होत नाही. त्याची अंडी पिसवेची अळी खाते, त्या अळीची पिसू होते आणि अंग चावता-चाटताना कुत्रा ती पिसू गिळतो, तेव्हा कृमी त्याच्या आतड्यात पोहोचतो. गुंड्याला मे महिन्यात जंताचे औषध दिले होते, त्यात या कृमीवरचेही औषध होते आणि पिसू गिळल्यानंतर असे तुकडे पडायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे मे महिन्यानंतर कधीतरी गुंड्याने पिसवा गिळल्या होत्या, हे त्या दाण्याने सांगितले.

"पण आमच्याकडे पिसवा नाहीत," काका ठामपणे म्हणाले. "आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. ह्याच्या अंगावर मी एकही पाहिली नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते तो स्वतःला इतका चाटतो आणि चावतो की त्याच्या अंगावर पिसू सापडणे हेच दुर्मीळ असते. अशा कुत्र्याला दोनचार चावेही पुरेसे होतात आणि त्यांची खाज कित्येक दिवस टिकते.

मग मी ते केले, जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवे होते. गुंड्याला टेबलावर उभे करून खाज नेमकी कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिले. पंजे आणि कान नेहमीसारखेच होते, पूर्वीपेक्षा बिघडलेले नव्हते. बिघडले होते ते शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. तिथले केस चावून चावून तुटले होते, त्वचेवर बारीक पुळ्या होत्या आणि कंबरेवर बोट ठेवताच त्याचा मागचा पाय आपोआप हलू लागे. वातावरणाची ॲलर्जी चेहरा, कान, पंजे, काखा आणि पोट धरते. खरजेची खाज कानांच्या कडा आणि कोपरांवर बसते. पाठीच्या मागच्या अर्ध्यात, शेपटीच्या मुळाशी जी खाज येते ती पिसवांची असण्याचा संभव सर्वांत जास्त. हा नकाशा मला पाठ आहे आणि नव्या रुग्णाला मी तो आधी तपासतो. गुंड्या जुना रुग्ण असल्यामुळे मी तो तपासला नव्हता. त्याच्या आजाराला नाव आधीच मिळालेले होते आणि त्याच नावाखाली मी नवी खाज जमा करून टाकली होती.

शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवली, तेव्हा मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या कापसावर झटकून मी काकांपुढे धरले. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस-लाल वर्तुळ पसरले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे गुंड्याचेच पचलेले रक्त. काका बराच वेळ कापसाकडे पाहत राहिले.

आता प्रश्न असा होता की दर महिन्याला थेंब टाकूनही पिसवा आल्या कशा. याचे उत्तर माझ्याच चिठ्ठीत होते. मी आठवड्याला एक अंघोळ लिहिली होती. पावसाळ्यात पाय आणि पोट चिखलाने भरू लागल्यावर काकू बुधवारी आणि रविवारी अशी दोनदा अंघोळ घालू लागल्या. थेंब महिन्याच्या पहिल्या रविवारी अंघोळ होताच टाकले जात. फिप्रोनिल त्वचेच्या तेलातून अंगभर पसरते, म्हणून थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ घालायची नसते आणि वरचेवर शाम्पू लावला तर त्याचा परिणाम लवकर ओसरतो. मी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या होत्या, पण त्यांच्यातले अंतर लिहिले नव्हते. काकूंची काहीही चूक नव्हती. एका ॲलर्जीसाठी दिलेली अंघोळ दुसऱ्या ॲलर्जीवरचे संरक्षण धुऊन टाकत होती आणि हे मी त्यांना त्याच वेळी स्पष्ट सांगितले.

पिसवा कुठून आल्या, तेही विचारताना उलगडले. एरवी काका गुंड्याला उपवन तलावापर्यंत नेत. जूनच्या पावसापासून फिरणे इमारतीच्या पार्किंगपुरते उरले होते, आणि पावसाची सर आली की दोघे जिन्याखाली थांबत. तिथे रखवालदाराचे एक जुने गोणपाट होते, ज्यावर गुंड्या पंधरा-वीस मिनिटे पसरून बसे. त्याच जिन्यामागे मांजरीने पिल्ले घातली होती. कुत्र्यांच्या अंगावर सापडणारी पिसूही बहुतेक वेळा मांजरांचीच जात असते. तिची अंडी अंगावरून गळून खाली पडतात, अळ्या उजेड टाळून गोणपाटाच्या विणीत शिरतात आणि कोष विणतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने वाट पाहू शकते. जवळ हालचाल, ऊब आणि श्वास जाणवला की ती बाहेर येते. दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतात, बाकीचे सारे अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात जमिनीवर असते.

उपचार त्यानंतर सोपा होता. थेंब बंद करून पिसवांवरची तोंडाने घ्यायची गोळी सुरू केली, कारण ती अंघोळीने धुऊन जात नाही. गुंड्याला कधी फिट आली नव्हती याची मात्र आधी खात्री करून घेतली, कारण तसा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्यात या गोळ्या जपून वापराव्या लागतात. फीतकृमीसाठी प्राझिक्वांटेल दिले. कंबरेवरच्या पुळ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून, रंगवून पाहिली, तर गोल जिवाणूंचे पुंजके दिसले. त्यामुळे शाम्पू चालू ठेवला, पण फेस दहा मिनिटे अंगावर ठेवायची आठवण पुन्हा दिली. ऑक्लासिटिनिब दिवसातून एकदाच राहिले. काकूंनी कंबरेवर लावायला घरातले माणसांचे एक मलम आणले होते. त्यात तीव्र स्टिरॉइड होते आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो, म्हणून ते परत न्यायला सांगितले. खोबरेल तेलात कापूर घालून लावू का, असेही त्यांनी विचारले. कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी असतो, म्हणून त्यालाही नकार दिला.

अंथरूण गरम पाण्यात धुवायचे, सोफ्याखाली आणि फरशीच्या कडांना रोज व्हॅक्यूम फिरवायचा, गोणपाट पिशवीत बांधून टाकून द्यायचे, हे सारे तीन महिने. आणि मांजरी? त्यांच्यावर कुत्र्याचे औषध मुळीच वापरू नका, हे मी दोनदा सांगितले, कारण कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि त्याने मांजर दगावते. त्याच इमारतीतील एका मुलीने मांजरीला आणि पिल्लांना माझ्याकडे आणले आणि त्यांच्यासाठीचे वेगळे औषध घेऊन गेली.

तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज खचलेला होता. खाज चारवर आली होती, पण त्यांनी प्रथमच डोळ्यांनी एक पिसू पाहिली होती, तीही गोळी दिल्यानंतर. जुन्या कोषांतून निघालेली पिसू होती ती. गुंड्याच्या अंगावर आली की काही तासांत मरणार होती, पण दिसणार होती. हे मी आधीच सांगायला हवे होते, कारण नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरांत उपचार सोडून दिले जातात.

त्या रविवारनंतर मी कुत्र्याच्या आकृतीचे दोन बाजूंचे रेखाचित्र छापून घेतले आहे. खाजेचा प्रत्येक रुग्ण, नवा असो वा चार वर्षांचा जुना, आला की मालकाच्या हाती आधी तो कागद आणि लाल पेन्सिल देतो आणि शेवटची अंघोळ व शेवटचे थेंब यांच्या तारखा वरच्या कोपऱ्यात लिहायला सांगतो. ऑक्टोबरमध्ये गुंड्या पुन्हा आला, तेव्हा काकूंनी कागद घरीच भरून आणला होता. चार पंजे आणि दोन कान त्यांनी फिक्या हाताने रंगवले होते. पाठ, कंबर आणि शेपटी कोरी होती. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : खाज तीन, दाणे नाहीत, काका पलंगावर झोपतात.