टाकीतला मूळ मालक

अकरा दिवस झाले, मी माझ्याच घरात दबा धरून बसतोय. शिकार बोटाएवढी. चार फुटी टाकी, खारं पाणी, मधोमध रचलेले खडक आणि त्या खडकांत कुठेतरी तो.

तो म्हणजे डोमिनो डॅमसेल नावाचा मासा. काळाकुळकुळीत अंग, कपाळावर एक पांढरा ठिपका, दोन्ही कुशींवर एकेक. डॅमसेल म्हणजे कुमारिका. हे नाव ठेवणाऱ्यावर त्याला जाळीत धरायची वेळ आली नसावी.

खरं तर त्याला मीच आणलं. खाऱ्या पाण्याची टाकी भरली म्हणजे लगेच राहण्याजोगी होत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर, वाळूत बस्तान बसवायला महिनाभर तरी घेतात. तोवर पाणी विषारीच. पूर्वी लोक या काळात एखादा चिवट मासा सोडत, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळे. आता बाटलीतल्या अमोनियावर काम भागतं, कुणाचा जीव टांगणीला लावावा लागत नाही. पण मला तेव्हा एवढी अक्कल कुठली! मी याला सोडलं. त्याने तो विषारी महिना एकट्याने काढला आणि टाकी स्वतःच्या नावावर करून घेतली.

पुढे क्लाउनफिशची जोडी आली. त्याच्या लेखी ते पोटभाडेकरू. त्याने त्यांच्या पंखांच्या झिरमिळ्या केल्या. फायरफिश तर त्याच्या धाकाने एका रात्री टाकीबाहेर उडी मारून गेला, सकाळी फरशीवर सापडला. त्या दिवशी ठरवलं, याला काढायचंच. पण मनातून रागवता येईना. प्रवाळबेटांवर याच्या भाऊबंदांपैकी काही जण शेवाळाचे वाफे राखतात आणि त्यासाठी आपल्या कितीतरी पट मोठ्या माशांच्या अंगावर जातात, बुडी मारणाऱ्या माणसांनाही सोडत नाहीत. समुद्रात हरलेल्याला पळायला जागा असते. माझ्या टाकीत पळून पळून जाणार कुठे? समोरच्या काचेपर्यंत.

जाळीचा प्रयोग पहिल्याच दिवशी आटोपला. खाणं घालणारा हात आणि जाळी धरणारा हात यांतला फरक त्याला माझ्या बायकोपेक्षा लवकर कळतो. जाळी पाण्याला टेकायच्या आत तो खडकामागे. आणि मी प्रवाळाची एक फांदी मोडून बसलो. मग लाल टॉर्च घेऊन रात्री गेलो, कारण लाल उजेड बऱ्याच माशांना नीट दिसत नाही. दिसला नसेलही, पण हा कपारीत असा घट्ट पाचर मारून झोपलेला की काढायचा तर खडकच काढावा लागला असता. पाणी उपसून काढण्याचाही एक उपाय असतो. बादल्या मोजल्या आणि विचार सोडून दिला.

शेवटी बाटली. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापायचं, उलटं करून आत बसवायचं, बुडाशी कोळंबीचा तुकडा. आत शिरायला नरसाळं, बाहेर यायला मात्र नेमकी वाट सापडत नाही. पहिल्या दिवशी आत शंखातला खेकडा. दुसऱ्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश, आनंदाने जेवत. तो बाहेरून बघत होता, पहारेकऱ्यासारखा. मग कुणीतरी सांगितलं, टाकीत इतरत्र खाणं बंद कर आणि बाटली हलवू नकोस. ती खडकासारखीच त्याच्या हद्दीत मोडली पाहिजे. चार दिवस ती तशीच पडून राहिली. पाचव्या दिवशी क्लाउनफिश आत शिरले तसा तो त्यांना हाकलायला मागोमाग घुसला. कोळंबीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मी हाताने बाटलीचं तोंड बंद केलं, क्लाउनफिशना परत सोडलं आणि त्याला सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या पाणी गाळायच्या छोट्या टाकीत, ठेवलं. दुकानदार परवा घेऊन जाणार आहे. सम्पमध्ये पंप, हीटर आणि फिल्टरचा कापूस, बघण्यासारखं काही नाही. आज सकाळी थर्मामीटर सरळ करायला आत हात घातला. करंगळीला चावला.