तुम्ही विचारलंत म्हणून: पाच तासांचे गांधी बघायचे का?

"टीचर, ती विठ्ठलभाई झवेरींची गांधींवरची डॉक्युमेंटरी खरंच चांगली आहे, की जुनी आहे म्हणून दाखवता?" ऑक्टोबर जवळ आला की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात हे मला कोणीतरी विचारतंच, कधी मुलं, कधी पालक, एकदा तर मासळी बाजारात विचारलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही तिचे काही भाग लावतो ना, म्हणून.

तर सरळच सांगते, सिनेमा म्हणून ती चांगली नाही. १९६८ ची, ब्लॅक अँड व्हाइट, ३३ रिळं, पाच तासांच्या वर. गांधी स्मारक निधीनं फिल्म्स डिव्हिजनच्या साथीनं जन्मशताब्दीच्या तोंडावर केलेली, त्यामुळे सूर पहिल्यापासून भक्तीचा. जन्मापासून सुरू होते आणि मग हे झालं, मग ते झालं असं चालूच राहतं, कुठे थांबायचं, कशावर जोर द्यायचा, काही नाही. निवेदन बरंचसं गांधींच्याच शब्दांत आहे, कल्पना छान, पण त्यामुळे ज्यांचं त्यांच्याशी भांडण होतं त्यांची बाजू पातळ पडते. माझी नववीची मुलं पाऊण तासात पेंगायला लागतात आणि मी त्यांना रागवत नाही.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, की मग अटेनबरोंचा 'गांधी' सिनेमाच दाखवा ना. तोही दाखवते. पण त्यात अंत्ययात्रेच्या सीनला तीन लाखांवर माणसं जमवली होती, १९८१ च्या ३१ जानेवारीला, आणि ती सगळी शूटिंगसाठी आली होती. झवेरींच्या फिल्ममधली १९४८ च्या खऱ्या अंत्ययात्रेतली माणसं कोणी बोलावलेली नाहीत. एवढा एक फरक मुलांना सांगितला आणि मग दोन्ही तुकडे पाठोपाठ लावले की हॉल गप्प होतो, बघा करून.

दांडीचंही तसंच. ६० वर्षांचा माणूस, बरोबर ७८ जण, २४ दिवसांत साधारण ३८५ किलोमीटर, हे पुस्तकात आहेच, पण तो चालतो किती भराभर ते पुस्तकात कळत नाही, बाकीच्यांना अक्षरशः मागे पळावं लागतं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो इंग्लंडमधल्या लँकेशायरचा भाग. सप्टेंबर १९३१, गांधी गोलमेज परिषदेला लंडनला गेले होते, तिथून ते डार्वेनला गेले, कापड गिरण्यांच्या गावात. आधीच डबघाईला आलेल्या त्या गिरण्यांना आपल्या बहिष्कारामुळे आणखी फटका बसला होता, लोक बेकार झाले होते. आणि गिरणीतल्या बायका त्यांच्या भोवती उभ्या राहून हात वर करून जयजयकार करतायत, हसतायत! गांधींनी तिथल्या लोकांना सांगितलं होतं की तुमच्याकडे ३० लाख बेकार आहेत, आमच्याकडे ३० कोटी, वर्षातले सहा महिने रिकाम्या हाताचे. मी हा भाग पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमची खाणपट्ट्यातली डिचोली-सत्तरीच आठवली. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक, बँकेचे हप्ते, शाळेची फी थकलेली मुलं हे सगळं मी बघितलंय, आणि तेव्हा ज्यांच्यामुळे खाणी बंद पडल्या असं लोकांना वाटायचं त्यांच्यापैकी कोणी गावात आलं असतं तर काय झालं असतं? म्हणून त्या बायकांच्या चेहऱ्यांवर मी पॉज करते. त्या का हसत होत्या? फिल्म हे विचारतच नाही, पुढे निघून जाते. माझा तिच्यावर खरा राग आहे तो इथे, एवढी मोठी गोष्ट हातात असून हातातून जाऊ दिली.

म्हणून "ऐतिहासिक आहे ना, मग चालवून घ्या" हे मला पटत नाही. सांगणं कच्चं असलं की नुसता कंटाळा येत नाही, माणसाचं चुकतं पण. दांडीचं चित्रीकरण मूक आहे, त्यावर ऐकू येतं ते सगळं नंतर चढवलेलं, पण मुलांना वाटतं तोच तिथला आवाज. म्हणून मी तो भाग आधी म्यूट करून दाखवते, मग आवाजासकट.

आणि तरीसुद्धा दाखवते, कारण १८ जून १९४६ ला मडगावात भर पावसात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, त्या दिवसाची असली कंटाळवाणी पाच मिनिटं जरी मला कोणी आणून दिली तरी मी ती वर्गात दरवर्षी लावीन, निवेदन कितीही वाईट असू दे, कारण मला ती गर्दी बघायचीय, कोण पुढे होतं, कोण कडेला उभं होतं, बायका किती होत्या.

तेव्हा पाच तास सलग बसू नका, कोणीच बसू नये. या वेळी आम्ही सव्वा तासच लावणार आहोत, फक्त १९३० आणि ३१, मध्ये मध्ये थांबवून, बोलत बोलत. आलात तर मागे बसू नका हं, पडदा लहान आहे, चेहरे दिसायचे नाहीत.